दुरावलेल्या नातेवाइकाच्या मृत्युपत्रात तुमचे नाव एक्झिक्युटर म्हणून आले तर...

वर्षानुवर्षे येणे-जाणे नाही, लग्नकार्यात समोरासमोर आले तरी बोलणे नाही, आणि एक दिवस वकिलाचा किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येतो: तुमचे काका गेले, आणि मृत्युपत्रात त्यांनी तुम्हाला एक्झिक्युटर नेमले आहे. नवी मुंबईत सुरुवातीच्या काळात सिडकोची घरे घेतलेली पिढी आता वार्धक्यात आहे. मुले परदेशात किंवा अबोल्यात, म्हणून कुणीतरी भरवशाचे वाटणारे नाव कागदावर येते. ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या वाचकांचे प्रश्नही मग सारखेच असतात. हे काम करायलाच हवे का? नाही म्हटले तर कायद्याचा ससेमिरा मागे लागेल का? त्यांचे कर्ज आपल्या गळ्यात पडेल का? बाकीचे नातेवाईक कोर्टात गेले तर काय?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर सरळ आहे: सक्ती नाही आणि नकार दिल्याबद्दल शिक्षाही नाही. कर्जाचे उत्तरही दिलासा देणारे आहे: ते मृताच्या मालमत्तेतून फिटते, तुमच्या खिशातून नाही. मात्र कामात हलगर्जी झाली, तर झालेल्या नुकसानीची भरपाई तुमच्याकडून मागता येते. म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. ‘हो’ की ‘नाही’ हे ठरेपर्यंत मृताच्या कोणत्याही वस्तूला, पैशाला किंवा कागदाला हात लावू नका.

एक्झिक्युटर कोण असतो?

मृत्युपत्रात कधी ‘व्यवस्थापक’, कधी ‘निष्पादक’ असा शब्द असतो. काम तेच: मालमत्ता गोळा करणे, देणी फेडणे, उरलेले मृत्युपत्राप्रमाणे ज्याचे त्याला देणे आणि या सगळ्याचा हिशेब ठेवणे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मालमत्ता एक्झिक्युटरच्या हाती येते ती फक्त या कामापुरती. तो तिचा मालक नसतो, आणि कोणत्याही एका वारसाचा प्रतिनिधीही नसतो.

तुमचे संबंध तुटलेले होते, यामुळे तुम्ही अपात्र ठरत नाही. अल्पवयीन नसावे आणि मनाने सक्षम असावे, एवढीच मुख्य अट आहे. त्याचप्रमाणे रक्ताचे नाते आहे म्हणून तुम्ही बांधीलही होत नाही.

पहिल्या काही दिवसांत काय करावे?

कायद्याने काही कामांना मोकळीक दिली आहे. अंत्यसंस्कार करणे, मालमत्ता सुरक्षित ठेवणे आणि मृतावर अवलंबून असलेल्या कुटुंबाची किंवा जनावरांची तातडीची गरज भागवणे याला मालमत्तेत ढवळाढवळ म्हणत नाहीत. त्यापलीकडे गेलात, म्हणजे भाडे वसूल केलेत, दागिने वाटलेत, गाडी विकलीत, तर तुम्ही जबाबदारी स्वीकारली असा अर्थ निघू शकतो. मृत्युपत्रात नाव नसलेल्या माणसाने असे केले, तरी त्याच्यावर एक्झिक्युटरसारखीच जबाबदारी येते.

- मृत्यूचा दाखला: मृत्यू जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयातून मिळतो. नेरूळचे रहिवासी मुंबईच्या रुग्णालयात वारले असतील, तर दाखला मुंबई महापालिका देते. प्रती भरपूर घ्या. बँक, सोसायटी, सिडको, विमा कंपनी सगळेच मागतात.
- मृत्युपत्राची प्रत: मूळ प्रत कोणाकडे आहे ते विचारा. नोंदणीकृत असेल तर मृत्यूचा दाखला दाखवून दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते. नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी नसलेले मृत्युपत्रही चालते, पण त्यावर करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात.
- साक्षीदारांचा शोध: ते हयात आहेत का, राहतात कुठे, हे लिहून ठेवा. मृत्युपत्र सिद्ध करायची वेळ आली, तर निदान एका साक्षीदाराची साक्ष लागते.
- घराची किल्ली: ती घ्यावीच लागली तर सोसायटीच्या कार्यालयात लेखी नोंद करून घ्या.

स्वीकारायचे की नाकारायचे?

जुना राग किंवा अपराधीपणाची भावना, यांपैकी कशाच्याही आहारी जाऊन ठरवू नका. हे प्रश्न स्वतःला विचारा:

- मालमत्ता केवढी आणि देणी केवढी? देणीच जास्त असतील, तर धनकोंना तोंड देण्याची तयारी आहे का?
- वारसांमध्ये आधीपासून भांडण आहे का? तुमच्यावर त्यांचा किमान विश्वास आहे का?
- मृत्युपत्रात तुम्हालाही काही मिळणार आहे का? तुमचाच वाटा सर्वांत मोठा असेल, तर ‘यानेच लिहून घेतले’ हा आरोप पहिला येईल.
- वर्ष-दोन वर्षे कागदपत्रे, रांगा, कोर्टाच्या तारखा यासाठी वेळ आहे का?
- बरोबर दुसरा एक्झिक्युटर नेमलेला आहे का? असेल तर काम वाटून घेता येते, आणि तुम्ही बाजूला झालात तरी ते अडत नाही.

इथे एक खाचखळगा ध्यानात ठेवा. एक्झिक्युटर म्हणून नेमलेल्या व्यक्तीलाच मृत्युपत्रात काही ठेवले असेल, तर उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४१ नुसार तिने मृत्युपत्र सिद्ध केल्याशिवाय किंवा काम करण्याची तयारी दाखवल्याशिवाय ते तिला मिळत नाही. म्हणजे जबाबदारी नाकारून वाटा तेवढा घ्यायचा, असे होत नाही. नकार देण्याआधी मृत्युपत्राचे शब्द वकिलाला दाखवा.

नकार द्यायचा असेल तर

गप्प बसणे म्हणजे नकार नव्हे. तुम्ही काहीच कळवले नाही, तर वारसांना न्यायालयामार्फत तुम्हाला ‘स्वीकारता की सोडता’ अशी नोटीस काढावी लागते, आणि तोवर सगळे खोळंबते. कलम २३० प्रमाणे नकार न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सही केलेल्या लेखाने देता येतो. एकदा नकार दिला की पुढे प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर मिळवण्यासाठी, अर्ज करता येत नाही. मजकूर साधाच ठेवा:

*‘कै. ... यांच्या दि. ... च्या मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर नेमले असल्याचे मला कळले आहे. ही जबाबदारी मी स्वीकारत नाही. मृताच्या कोणत्याही मालमत्तेचा ताबा मी घेतलेला नाही व तिच्याबाबत कोणताही व्यवहार केलेला नाही. माझ्याकडे असलेली मृत्युपत्राची प्रत व घराची किल्ली दि. ... रोजी ... यांच्याकडे पोचपावती घेऊन दिली आहे.’*

दोन साक्षीदारांसमोर सही करा, वारसांना पोचपावतीसह पाठवा आणि एक प्रत जपून ठेवा. नकाराची कारणे लिहू नका, जुन्या भांडणाचा उल्लेखही नको. तुमच्या नकाराने मृत्युपत्र रद्द होत नाही. ज्यांना त्यातून मिळायचे आहे ते न्यायालयाकडून ‘लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे मालमत्तेच्या कारभाराचे अधिकारपत्र, घेऊ शकतात.

स्वीकारायचे असेल तर: क्रमाने पावले

१. घर उघडताना पंचनामा करा. एकट्याने कुलूप काढू नका. सोसायटीचा एक पदाधिकारी, एक तटस्थ शेजारी आणि शक्य असेल तर दोन्ही बाजूंचा एकेक वारस बोलवा. आत पाऊल टाकण्यापूर्वी मोबाइलवर चित्रीकरण सुरू करा. खोलीवार यादी लिहा: कपाटाचा वरचा कप्पा, त्यात कापडी पिशवी, पिशवीत पासबुके किती, मुदत ठेवींच्या पावत्या किती, दागिने कोणते. दागिन्याचे वर्णन ‘पिवळ्या धातूची बांगडी’ असे लिहा. तो सोन्याचाच आहे असे तुम्ही ठरवू नका. प्रत्येक पानावर हजर असलेल्यांच्या सह्या घ्या आणि कुलूप लावून वर सही केलेली कागदी पट्टी चिकटवा. पुढची कितीतरी भांडणे या कागदावर मिटतात.

२. मालमत्तेचा माग काढा. दुरावलेल्या माणसाचे व्यवहार आपल्याला ठाऊक नसतात, म्हणून हे काम जास्त चिकाटीचे असते. पासबुकांतल्या नोंदी, प्राप्तिकराची विवरणपत्रे, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या आणि पोस्टाने येणारी पत्रे यांतून धागा लागतो. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या ठेवींचा शोध रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर घेता येतो. गावची जमीन असेल तर सातबारा आणि फेरफार काढा. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मृताला मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, हे तपासूनच पुढे जा.

३. वेगळे बँक खाते ठेवा. मृताचा एक रुपयाही तुमच्या खात्यात येता कामा नये. येणे-जाणे एकाच स्वतंत्र खात्यातून करा आणि प्रत्येक खर्चाची पावती जपा, अगदी रिक्षा आणि झेरॉक्सचीसुद्धा.

४. देणी क्रमाने फेडा. आधी ऐपतीला साजेसा अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणातला खर्च, मग प्रोबेट व कारभाराचा खर्च, मग घरकामाला असलेल्यांचा शेवटच्या तीन महिन्यांचा थकलेला पगार, आणि त्यानंतर इतर कर्जे. मृत्युपत्रातले वाटे या सगळ्यानंतर. मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन धनकोंना पुढे येण्यास सांगा.

५. करांचे काम संपवा. भारतात वारसाकर नाही. जुने संपदा शुल्क १९८५ मध्ये रद्द झाले. मात्र मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र भरावे लागते, आणि वाटप होईपर्यंत मालमत्तेतून येणाऱ्या उत्पन्नाचा वेगळा हिशेब द्यावा लागतो. सनदी लेखापालांना सुरुवातीलाच भेटा.

६. वाटप करा आणि सही घ्या. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटे देण्याचे बंधन एक्झिक्युटरवर नाही. घाई करणाऱ्या वारसांना हे नम्रपणे सांगा. प्रोबेट घेतले असेल, तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात सादर करायचा असतो.

प्रोबेट घ्यायचे का?

मृत्युपत्र खरे आहे यावर न्यायालयाने उमटवलेली मोहोर म्हणजे प्रोबेट. पूर्वी कलम २१३ मुळे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबाबतच्या हिंदूंच्या मृत्युपत्राला ते सक्तीचे होते. नवी मुंबई त्या हद्दीबाहेर असल्याने इथे केलेल्या, इथल्याच घराबाबतच्या मृत्युपत्राला सक्ती नव्हतीच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच वगळले. मात्र सक्ती गेली म्हणून उपयोग संपला असे समजू नका.

- वारसांत एकमत असेल आणि मालमत्ता मोजकी असेल, तर सर्वांची लेखी संमती घेऊन प्रोबेटशिवाय काम होऊ शकते.
- अबोला, तक्रार किंवा दुसऱ्या मृत्युपत्राची कुजबुज असेल, तर प्रोबेट घ्याच. नंतर कोणी बोट दाखवले, तर न्यायालयाचा कागद तुमच्या पाठीशी असतो.

अर्ज कुठे करायचा ते पत्त्यावर ठरते. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे, पनवेल रायगडमध्ये. मृत व्यक्ती राहत होती किंवा तिची मालमत्ता आहे, त्या जिल्ह्याच्या न्यायालयाकडे अर्ज जातो. नेमके कोणते न्यायालय आणि शुल्क किती, ते वकिलाकडून आधी पक्के करून घ्या. जवळच्या वारसांना नोटीस जाते. ज्यांच्याशी कोणी वर्षानुवर्षे बोलले नाही तेही यात आले. त्यांचे पत्ते लपवू नका.

हरकत आली तर अर्जाचे रूपांतर दाव्यात होते आणि वेळ लागतो. बाळासाहेब ठाकरे यांचे निधन १७ नोव्हेंबर २०१२ रोजी झाले. त्यांच्या मृत्युपत्राला पुत्र जयदेव ठाकरे यांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि ते मागे घेतले गेले नोव्हेंबर २०१८ मध्ये. स्वीकारण्यापूर्वी ही शक्यता गृहीत धरा.

नॉमिनी आणि वारस यांत गल्लत नको

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. खात्यावर पुतणीचे नाव नॉमिनी म्हणून आहे आणि मृत्युपत्रात पैसे मुलाला दिले आहेत, तर पैसे कोणाचे? ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून झालेल्या वादात १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शेअर आणि गुंतवणुकीवरील नॉमिनी केवळ नॉमिनी असल्यामुळे मालक होत नाही. हक्क मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो.

- बँक: नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, पण नॉमिनीने ते खऱ्या हक्कदाराला द्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार सर्व कागदपत्रे मिळाल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढणे अपेक्षित आहे.
- आयुर्विमा: इथे अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्वतःच्या पॉलिसीवर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील, तर रक्कम सामान्यतः त्यांचीच होते.
- गृहनिर्माण सोसायटी: महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-१३ नुसार मृत्युपत्र, वारसा दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे भाग हस्तांतरित होतो. वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनी तात्पुरता सदस्य असतो.
- सिडको: जमीन भाडेपट्ट्याची असेल, तर सोसायटीत नाव लागल्याने काम पुरे होत नाही. सिडकोच्या नोंदीतही हस्तांतरण करून घ्या. घर विकायचे असेल तर सिडकोची परवानगी आणि शुल्क याची चौकशी व्यवहार ठरण्याआधी करा.
- साडेबारा टक्के योजनेतील भूखंड: प्रकल्पग्रस्तांच्या या भूखंडांवर अनेक भावंडांची नावे एकत्र असतात. मृत्युपत्र करणाऱ्याचा त्यात नेमका हिस्सा किती, ते वाटपपत्र आणि वारस दाखल्यावरून ठरवल्याशिवाय कोणताही करार करू नका.

इथे पाय घसरतो

- मृताचे एटीएम कार्ड किंवा मोबाइलवरचे पैसे पाठवण्याचे अ‍ॅप वापरणे. ‘रुग्णालयाचे बिल भरायचे होते’ हे कारण पुढे टिकत नाही.
- मृताने दिलेले कुलमुखत्यारपत्र वापरणे. मृत्यूबरोबर ते संपते.
- देणी बाकी असताना वारसांना वाटे देऊन टाकणे. धनको मग तुमच्याकडे येतात.
- भाड्याची थकबाकी, मुदत ठेव, विम्याचा दावा यांकडे दुर्लक्ष करून मुदत जाऊ देणे. त्या नुकसानीची भरपाई एक्झिक्युटरकडून मागता येते.
- घर स्वतः विकत घेणे. भाव योग्य असला तरी हितसंबंधी वारस तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो.
- घरात राहणाऱ्या नातेवाइकाला दमदाटी करून बाहेर काढणे. ताबा कायद्याच्या मार्गानेच घ्या.
- सातबारावर किंवा मालमत्ता कराच्या बिलावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे समजणे. त्या नोंदी महसुलासाठी असतात.

तुमचे हक्क कोणते?

- कामासाठी झालेला वाजवी खर्च, वकिलाची फी धरून, मालमत्तेतून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे.
- कोणत्याही वारसाने दिलेल्या तोंडी सूचनांना तुम्ही बांधील नाही. सूचना लेखी मागा, उत्तर लेखी द्या.
- मोठा पेच पडला तर न्यायालयाकडून मार्गदर्शन मागता येते.
- प्रोबेट घेतल्यानंतर काम झेपेनासे झाले, तर परस्पर सोडता येत नाही. पण उच्च न्यायालय एक्झिक्युटरला मुक्त करून दुसऱ्याला नेमू शकते. महाराष्ट्राच्या महाप्रशासकांच्या संमतीने मालमत्तेचा कारभार त्यांच्याकडे सोपवण्याचीही तरतूद आहे.

नातेवाइकांशी बोलताना

दुराव्याचे मूळ शोधायचे काम तुमचे नाही. सगळ्यांना एकच पत्र, एकाच दिवशी, एकाच मजकुराचे पाठवा: मृत्युपत्राची प्रत जोडली आहे, मालमत्तेची यादी अमुक तारखेपर्यंत देतो, हिशेब दर तीन महिन्यांनी कळवतो. एका वारसाला फोनवर सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला उशिरा कळली की संशय सुरू होतो. धाकट्या आत्याला वेगळे आणि थोरल्या चुलतभावाला वेगळे सांगू नका. मृताची पत्रे, फोटो, देवघरातल्या मूर्ती यांची किंमत बाजारात नसते, पण माणसे त्यांच्यासाठी सर्वाधिक दुखावतात. त्यांची स्वतंत्र यादी करा आणि कोणाला काय हवे ते सर्वांच्या समोर विचारा.

अबोला धरलेल्या माणसानेही शेवटी तुमच्यावर भरवसा टाकला, याचे ओझे वाटणे स्वाभाविक आहे. त्या भावनेचा मान ठेवा, पण सही कागदपत्रे वाचून करा. वेळ, तटस्थपणा आणि चोख हिशेब यांची तयारी असेल तर जबाबदारी जरूर घ्या. नसेल तर वेळेत, लेखी आणि संकोच न बाळगता नाही म्हणा. आणि तुम्ही स्वतः मृत्युपत्र करणार असाल, तर ज्याला एक्झिक्युटर नेमता त्याला आजच विचारा, त्याचा होकार घ्या आणि मूळ प्रत कुठे ठेवली आहे ते सांगून ठेवा.